गालिच्यापुढचं गवत

आमच्या शेजारच्या आजींना एकच गोष्ट हवी होती. शहरातल्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर, रेल्वेकडच्या कोपऱ्यातून, एक कॉर्नर मारायचा. बस. वय सत्तरीच्या पुढे, एका गुडघ्यात धातूचा सांधा, आणि ही इच्छा त्या अशा सुरात सांगायच्या, जशी आपण दुकानात राहिलेली छत्री परत आणायची गोष्ट सांगतो.

आम्ही दोन वर्षांसाठी म्हणून पुण्याहून इंग्लंडला आलो होतो. नवऱ्याच्या कंपनीनं ती दोन वर्षं वाढवत नेली आणि आम्ही लंडनपासून तासाभराच्या एका शहरात, लाल विटांच्या रांगेतल्या एका घरात रुजलो. मला तिथल्या लायब्ररीत अर्धवेळ काम मिळालं. मुलगी शाळेतून इंग्रजी घेऊन आली आणि आठवड्याभरात फुटबॉलही. फुटबॉलचं मला काहीच माहीत नव्हतं. महिन्यातून एकदा आम्ही वेम्बलीला जायचो, ते कोथिंबीर आणि कढीपत्त्यासाठी; तिथलं जगप्रसिद्ध स्टेडियम पाडून नवं बांधताहेत, ही माझ्या लेखी ट्रॅफिकची अडचण होती.

आजींची ओळख कुंपणावरून झाली. मुलगी मागच्या अंगणात बॉल लाथाडायची आणि तो दोन्ही घरांमधल्या लाकडी कुंपणावर धडाधड आदळायचा. एका संध्याकाळी कुंपणावर पांढऱ्या केसांचं डोकं दिसलं. इंग्रज माणूस तक्रारीआधी हवामानावर बोलतो, एवढं मला कळायला लागलं होतं. त्यामुळे "आज बरं ऊन पडलंय" हे ऐकल्याबरोबर मी मनात माफीची वाक्यं जुळवायला लागले.

"ती सारखा उजवाच पाय वापरते," त्या म्हणाल्या. "डाव्याला काही झालंय का?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

"मग आळशी आहे," असं म्हणून त्या मुलीकडे वळल्या. आपण 'बाळा' म्हणतो तसं तिथल्या म्हाताऱ्या 'लव्ह' म्हणतात. "हे बघ लव्ह, मारणाऱ्या पायाचं नंतर बघू. आधी उभा राहणारा पाय नीट रोव. लोक मारणाऱ्या पायाचं कौतुक करतात. सगळं काम दुसरा करतो."

नऊ वर्षांच्या माझ्या मुलीनं शाळेतल्या किंवा घरातल्या कुणाचंही इतक्या मुकाट्यानं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिला सांगून ठेवलं, त्यांना नावानं हाक मारायची नाही, आजी म्हणायचं. आजींना ते इतकं आवडलं की पुढे ख्रिसमसच्या कार्डावर त्या इंग्रजी अक्षरांत तशीच सही करू लागल्या.

मग चहाच्या निमित्तानं त्यांची हकिगत तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. तरुणपणी त्या बिस्किटांच्या कारखान्यात होत्या आणि कारखान्यातल्या बायकांच्या टीममधून खेळायच्या. त्यांच्या वडिलांची क्लबच्या मैदानावर एक ठरलेली जागा होती, रेल्वेकडच्या कोपऱ्यातल्या निशाणामागे, कठड्याला टेकून. लहानपणी आजी त्या कठड्यावर बसायच्या. बॉल गोलरेषेच्या बाहेर गेला की पाहुण्या किंवा घरच्या टीममधला कुणीतरी तो कोपऱ्यात आणून ठेवायचा आणि तिथून गोलसमोर उंच मारायचा. तो मारणारा माणूस आजींच्या इतका जवळ असायचा की त्याचा श्वास ऐकू यायचा. मोठेपणी आपण इथं यायचं आणि वडिलांनी आपला श्वास ऐकायचा, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

ते जमलं नाही, कारण बंदी होती. माझा विश्वास बसेना. लायब्ररीतच होते, म्हणून पुस्तकं काढून बघितली. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या बायका फुटबॉल खेळू लागल्या. बघायला हजारोंनी गर्दी व्हायची. युद्ध संपल्यावर खेळाच्या मुख्य संघटनेनं ठराव केला आणि आपल्या क्लबांना बजावलं, की बायकांना मैदानं द्यायची नाहीत. ठरावाची भाषा मोठी सभ्य होती. हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही, एवढंच. ज्या बाया युद्धभर तोफगोळे भरत होत्या त्यांच्या प्रकृतीला चामड्याचा बॉल मानवणार नाही, हा शोध मोठ्या टेबलाभोवती बसूनच लागू शकतो. ही सभ्यता पन्नासएक वर्षं टिकली. त्यात आजींचं सगळं खेळायचं वय बसलं.

एकदा मात्र होता होता राहिलं होतं. हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डासाठी मदत म्हणून बायकांची एक मॅच ठरली होती, आणि क्लबच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी उदार मनानं मैदान देऊ केलं होतं. कारखान्यात पत्रकं लागली. आजींनी वडिलांना सांगितलं, तुमच्या जागेवर उभे राहा, कॉर्नर मीच मारणार आहे. मग वरून कुणीतरी अध्यक्षांना नियमाची आठवण करून दिली. मॅच गॅसच्या टाक्यांमागच्या पार्कात झाली.

"बाबा आले होते," आजी म्हणाल्या. "पण कुठं उभं राहायचं ते त्यांना कळेना. त्या पार्काला धड कोपरेच नव्हते."

मुलगी तोवर मुलांच्या टीममध्ये खेळत होती. टीमचा कोच एक प्लंबर होता, भला माणूस. ती अकरा वर्षांची झाली आणि सीझनच्या शेवटी त्यानं मला पार्किंगमध्ये गाठलं. आधी हवामान. मग तो म्हणाला, की अकरानंतर मुलींना मुलांच्या टीममध्ये खेळवता येत नाही, नियम आहे, त्याचा स्वतःचा काही विरोध नाही, उलट तिच्यासारखा डावा पाय टीममध्ये दुसऱ्या कुणाचा नाही.

"पण मी काय केला?" मुलीनं गाडीत विचारलं. तिचं मराठी आमच्या घरापुरतं होतं आणि व्याकरण स्वतःचं.

"काही नाही केलंस. अकरा वर्षांची झालीस."

"ते तर सगळेच होतात."

घरी आल्यावर मी हे कुंपणावरून आजींना सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी क्लबला फोन लावला. क्लबनं अलीकडेच मुलींचा विभाग सुरू केला होता. मुलींचा सराव क्लबच्या मैदानावर नव्हे, एका शाळेमागच्या पटांगणात व्हायचा, आणि जर्सी मुलांच्या जुन्या, बाह्या बोटांच्या खाली येणाऱ्या. पण छातीवर क्लबचं चिन्ह होतं. आजी ते बोटानं चाचपून बघत म्हणाल्या, "खरंच शिवलेलं आहे. चिकटवलेलं नाही."

आमच्या महाराष्ट्र मंडळात या बातमीचं यथास्थित स्वागत झालं.

"फुटबॉल? अगं, मुलगी काळी पडेल."

"इंग्लंडमध्ये? कशानं?"

"तसं नव्हे गं. पण रविवारच्या मराठी वर्गाचं काय? आणि गणपतीतल्या नाचात हिला घेतलीय ना आम्ही."

मंडळाचं मला कौतुकच आहे. पण समारंभ म्हटला की आमच्या लोकांच्या अंगात येतं. शाळेचा हॉल तीन तासांसाठी भाड्यानं घ्यायचा आणि पहिला तास प्रमुख पाहुण्यांच्या परिचयात घालवायचा. मुलांना एक गोष्ट मात्र तिथं पक्की शिकवली जायची: स्टेजवर जा, बक्षीस घ्या किंवा पाहुण्यांना फुलं द्या, वाकून नमस्कार करा, फोटोसाठी थांबा. माझ्या मुलीला मराठीतली लिंगं कधी जमली नाहीत, पण हा क्रम जमला.

मग एक वर्ष असं आलं की बायकांची युरोपची मोठी स्पर्धा इंग्लंडमध्येच व्हायची होती. देशभर बायकांच्या फुटबॉलचं प्रेम उफाळून आलं, आणि क्लबला एकाएकी आठवलं की बंदीच्या काळात खेळलेल्या काही बाया शहरात अजून जिवंत आहेत. पुरुषांच्या एका मॅचच्या मध्यंतरात त्यांचा सत्कार करायचा ठरला. निमंत्रण द्यायला क्लबचे एक अधिकारी आजींच्या घरी आले. त्यांच्या हुद्द्यात 'कम्युनिटी' हा शब्द होता आणि बुटांना अजिबात चिखल नव्हता. मी चहा करायला तिथेच होते.

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "येईन," त्या म्हणाल्या. "पण मला एक कॉर्नर मारायचाय. रेल्वेकडच्या बाजूनं."

अधिकारी हसले. "वंडरफुल आयडिया. मला तरी यात काही अडचण दिसत नाही."

इतकी वर्षं इथं राहून मला कळलं होतं, की इंग्रज माणसाला अडचण दिसत नाही तेव्हा तो तिकडे बघत नसतो. पण आजी इंग्रजच होत्या. त्यांनी शब्दावर विश्वास ठेवला.

पुढचे काही आठवडे आमच्या मागच्या अंगणांत सराव चालला. कुंपणाची एक फळी काढून टाकली होती. आजी पक्ष्यांच्या पाण्याच्या कुंडीजवळून मारायच्या आणि कपडे वाळत घालायच्या दोरीखाली मुलगी डोकं लावायला उभी. पहिले बरेच बॉल कुंडीतच गेले. आजींनी सपाट तळाचे, लेसचे काळे बूट आणले.

"गुडघ्याचं काय?" मी विचारलं.

"तो डावा. तो फक्त उभा राहणार आहे," आजी म्हणाल्या. "आणि तोच महत्त्वाचा, म्हणून त्यात लोखंड घातलंय."

शेवटी शेवटी बॉल खरंच दोरीपर्यंत जायला लागला. एकदा तर माझ्या नवऱ्याचा शर्ट घेऊन खाली आला. त्या दिवशी आजी सबंध संध्याकाळ चेष्टेच्या मूडमध्ये होत्या. "तुझ्या नवऱ्याला सांग, डिफेन्स कमकुवत आहे."

सत्काराच्या दिवशी आम्हाला स्टँडमध्ये चांगल्या जागा मिळाल्या. क्लबचे पुरुष पहिल्या अर्ध्यात दोन गोल खाऊन आत गेले, आणि मग कर्मचाऱ्यांनी मैदानाच्या काठावर एक गालिचा अंथरला. तो हिरवा होता, प्लास्टिकच्या गवताचा. खरं गवत खराब होऊ नये म्हणून खऱ्या गवतावर खोटं गवत. ते बघताना मला मंडळाच्या मखरातल्या थर्मोकोलच्या कमळांची आठवण झाली आणि जरा घरच्यासारखं वाटलं.

आजी धरून पाच म्हाताऱ्या गालिच्यावर येऊन उभ्या राहिल्या. बाकीच्या चौघींनी ठेवणीतले कोट घातले होते. आजींनीही घातला होता, पण पायात ते काळे बूट. रेल्वेकडचा कोपरा त्यांच्या डाव्या हाताला होता, अगदी दिसेल इतका जवळ. निशाण वाऱ्यावर फडफडत होतं. त्या तिकडे बघत होत्या आणि लाउडस्पीकरवर भाषण चालू होतं. भाषणात इतिहास होता, वारसा होता, प्रवास होता. 'बंदी' हा शब्द एकदा आला, पण कुणी केली ते आलं नाही. बंदी पावसासारखी आपोआप पडली असावी.

मग मुलींच्या टीमनं येऊन फुलं दिली. आजींसमोर माझीच मुलगी होती, हे त्यांनी दोघींनी कुणाला तरी सांगून जमवलं होतं. तिनं फुलं दिली आणि पुढच्याच क्षणी ती खाली वाकली. मंडळाचा क्रम. हजारो इंग्रजांसमोर तिनं आजींच्या पायांना हात लावला. निवेदक गोंधळला, मग हसून म्हणाला, "ही लहान मुलगी बहुतेक लेस बांधून देतेय, किती गोड!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी मान खाली घातली. वरून मला ते नम्र वाटलं आणि माझे डोळे भरून आले. म्हणजे मीही त्या समारंभाला फसलेच.

मग काचेच्या फ्रेममधलं प्रमाणपत्र, फोटो, आणि ट्रॅफिक पोलिसासारखे हात करत क्लबच्या लोकांनी पाचही जणींना खेळाडूंच्या आत जायच्या बोगद्याकडे वळवलं. आजी दोनदा मागे बघत गेल्या. फ्रेम आणि फुलांनी त्यांचे हात भरलेले होते. पाय मोकळे होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर गालिचा गुंडाळला गेला आणि सोफा विकणाऱ्या एका दुकानाची खार मैदानात आली. खार म्हणजे खारीच्या पोशाखातला एक माणूस. हा मध्यंतरातला नेहमीचा कार्यक्रम. खारीनं खऱ्या गवतावरून, मोठाल्या फोमच्या पायांनी, तीन पेनल्टी मारल्या. दोन बाहेर गेल्या. लोक पोट धरून हसले.

चहाच्या खोलीत 'कम्युनिटी'वाले अधिकारी लगबगीनं आले. "कॉर्नरचं राहूनच गेलं हो. मैदान राखणारा ग्राउंड्समन तयार नव्हता. आदल्या दिवशीचा पाऊस, दुसरा अर्धा व्हायचाय, गवत जपावं लागतं."

"अर्थातच," आजी म्हणाल्या. "मागच्या वेळीही तुम्ही असंच सांगितलं होतं."

अधिकाऱ्यांना मागची वेळ माहीत नव्हती. ते म्हणाले, "सँडविच घ्या ना."

गाडीत आजी पुढे बसल्या होत्या, फुलं मांडीवर. मी मागे मुलीशेजारी. आजींना घरी सोडलं, दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे ती बोलली.

"आई, मी नमस्कार केला ना?"

"केलास की. छान केलास."

"नाही. आजीनं मला विचारला, व्हेअर इज इट, लव्ह?"

"काय कुठंय?"

"बॉल. तिला वाटला मी बॉल ठेवतेय. मी खाली गेली ना, म्हणून तिला वाटला की आता बॉल ठेवली. ती बघत होती. आणि नव्हताच." ती खिडकीकडे वळली. "मी नमस्कार कशाला केला? मी बॉल न्यायला हवा होता."

नवऱ्यानं गाडी बंद केली होती, पण आम्ही कुणी उतरलो नाही.

मी दुसऱ्या दिवशी आजींना म्हटलं, आपण पार्कात जाऊ, तिथं कोपरा आखू, मुलगी निशाण धरून उभी राहील. त्यांनी माझा हात थोपटला. "पार्क पुष्कळ झाले गं," त्या म्हणाल्या. "आम्हाला पार्कातच तर पाठवलं होतं." फळी कुंपणात परत ठोकायला त्यांनीच नवऱ्याला सांगितलं, हिवाळ्यात वारा येतो म्हणून.

त्याच मोसमाच्या शेवटी पुरुषांची टीम खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. तिकडे टीव्हीवर बायकांच्या स्पर्धेचं नवं युग सुरू होत होतं आणि इकडे शाळेमागच्या पटांगणात मुलींच्या कोचनं आम्हा पालकांना सांगितलं, की खर्चात कपात आहे, मुलींचा विभाग बंद होतोय. घसरले पुरुष. मुलींच्या टीमनं त्या वर्षी बहुतेक सगळ्या मॅच जिंकल्या होत्या. एका बापानं तसं विचारलंसुद्धा. कोच म्हणाली, "मला माहितीये." तिची स्वतःची नोकरीही त्यातच जात होती. जर्सी परत करायच्या होत्या. मुलींनी त्या घड्या घालून एका पिशवीत भरल्या.

पुढच्या वर्षी आम्ही मुलीला दूरच्या एका टीममध्ये घातलं. रविवारी सकाळी मोटरवेवरून जायचं, थंडीत गाडीत बसून राहायचं. ती खेळली. मग एका रविवारी अभ्यास निघाला, पुढच्या रविवारी मैत्रिणीचा वाढदिवस. तिनं फुटबॉल सोडला असं म्हणता येणार नाही. नंतर गेली नाही, इतकंच. मी तिला ढकललं नाही आणि थांबवलंही नाही. मंडळात मात्र लोकांना बरं वाटलं. गणपतीत तिला नाचात पुढच्या रांगेत घेतली.

आजींचा दुसरा गुडघाही गेला. मुलगा साउथहॅम्प्टनला होता, तो त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. जाताना सामान कमी करायचं होतं, तेव्हा ती फ्रेम आमच्याकडे आली. "तिथं भिंतच नाही," आजी म्हणाल्या. "आणि यात तुझी मुलगी आहे. पाठमोरी का होईना." दोन ख्रिसमस कार्डं आली, सहीसकट. तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. आम्ही तिघं गेलो. चर्चमध्ये त्यांच्याबद्दल चांगलं बोललं गेलं: आई, शेजारीण, बिस्किटांचा कारखाना. फुटबॉलचा उल्लेख एका वाक्यात होता आणि त्यात 'हौस' हा शब्द होता.

फ्रेममध्ये प्रमाणपत्राखाली त्या दिवशीचा फोटो आहे, क्लबनं मागाहून पाठवलेला आणि आजींनी आत सरकवलेला. तोच फोटो पुढे स्थानिक पेपरातही आला होता, आणि क्लबच्या कॉरिडॉरमध्ये मोठा करून लावला होता. खाली ओळ होती: सन्मानानं भारावून गेलेल्या एक ज्येष्ठ खेळाडू. चौघी कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. आजी खाली बघताहेत. माझी मुलगी वाकलेली, तिची नुसती पाठ दिसते.

मी लायब्ररीतली बाई. फोटोखालच्या ओळीवर माझा आधी विश्वास बसतो. त्यामुळे बरीच वर्षं मी आजींचा चेहराच बघत राहिले. मुलगी युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आली होती, जिन्यातून उतरताना फ्रेमपाशी थांबली.

"आई, पाय बघितलास का कधी?"

मी चष्मा आणून बघितले. उजवा बूट मागे गेलाय, टाच वर. नुकताच मागे घेतलेला, मारायच्या तयारीत. आणि डावा, लोखंडाच्या सांध्याचा, नीट रोवलेला आहे. तो गालिच्यावर नाही. कडेपुढे, वीतभर आत, गवतावर आहे.